खेळ मोडला, वस्ती राहिली

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की सुजाण पालकाच्या कपाळावर आठी उमटते. मूल एकलकोंडे होते, अभ्यास मागे पडतो, झोप उडते, या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. आणि त्यांत तथ्य नाही असे कोणीही म्हणणार नाही. परंतु श्रोतेहो, खेळणारा नेहमी एकटाच असतो, ही समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. त्यासाठी अमेरिकेतील एका बंद पडलेल्या खेळाची हकीकत उपयोगी पडेल.

१९९३ साली 'मिस्ट' नावाचा संगणकीय खेळ निघाला. रँड आणि रॉबिन मिलर या बंधूंनी वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहराजवळ तो घडविला. त्यात मारामारी नाही, शस्त्र नाही, गुणांची मोजदाद नाही. निर्जन बेटावर हिंडावे आणि कोडी उलगडावीत, एवढेच. या मालिकेतील 'उरू' हा खेळ नोव्हेंबर २००३ मध्ये आला. आंतरजालाच्या द्वारे अनेकांनी एकत्र येऊन भूमिगत प्राचीन नगरी धुंडाळावी, अशी त्याच्या एका भागाची योजना होती. प्रत्येकाची पडद्यावर एक आकृती असे. तिला 'अवतार' म्हणतात. आपलाच शब्द दूरदेशी जाऊन असा कामाला लागला आहे. खेळणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या आणि बहुसंख्य लोक प्रौढ वयाचे होते. त्यांनी स्वतःच नवनवे खेळ रचले, जे निर्मात्यांच्या मनातही नव्हते!

पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत आणि फेब्रुवारी २००४ मध्ये हा सामूहिक भाग बंद झाला. अखेरच्या रात्री मंडळी आपापल्या चौकात जमली, अवतार जवळजवळ उभे करून गप्पा मारीत राहिली. मध्यरात्री चित्र थिजले. आंतरजालाच्या जोडणीत बिघाड असल्याची सूचना पडद्यावर उमटली आणि तिच्याखाली 'ठीक आहे' अशा अर्थाची कळ होती. ती दाबण्यास आपले मन धजेना, कारण ठीक असे काहीच नव्हते, असे त्यांतील एकाने पुढे सांगितले.

या 'उरू निर्वासितां'ची पुढील वाटचाल संशोधक सेलिया पिअर्स यांनी त्यांच्यात मिसळून अभ्यासली. त्यांचा ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. शेकडो जणांनी 'देअर' या दुसऱ्या आभासी जगात एकत्र मुक्काम हलविला. तेथे स्वागत झाले असे नाही. एकाच ठिकाणी एवढी गर्दी झाल्याने यंत्रणेवर ताण पडे, चित्रे अडखळत. जुने रहिवासी कुरकुरत, काही जण मुद्दाम त्रास देत. वस्तीला जागा बदलाव्या लागल्या. तरीही लोक पांगले नाहीत. 'उरू'च्या धाटणीची वेशभूषा आणि वस्तू त्यांनी तेथे घडविल्या आणि हळूहळू इतर रहिवासीही त्या घेऊ लागले. दुसऱ्या एका गटाने 'सेकंड लाइफ'मध्ये त्या नगरीचे काही भाग बारकाईने पुन्हा उभारले.

महाराष्ट्राला पुनर्वसनाचा प्रश्न नवा नाही. कोयना धरणामुळे उठलेली कुटुंबे दूरदूरच्या जिल्ह्यांत वसवावी लागली आणि १९७६ साली राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. पिढीजात जमीन पाण्याखाली जाणे आणि पडद्यावरील चौक नाहीसा होणे यांची बरोबरी करणे हा अविचार ठरेल. परंतु गाव एकत्र उठले तर शेजार टिकतो, विखुरले तर तो तुटतो, एवढे दोन्हीकडे खरे आहे. खेळावर मत बनविताना ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव 'पबजी मोबाईल'वर बंदी घातली. तो निर्णय कोणत्या कसोटीवर घेतला गेला हा निराळा विषय; परंतु रोज रात्री एकत्र येणाऱ्या सवंगड्यांच्या टोळक्याने आता कोठे भेटावे, हा प्रश्न घरातील मोठ्यांच्या क्वचितच ध्यानात आला असेल. पालकाने मुलाला किती वेळ खेळतोस असे जरूर विचारावे, पण कोणाबरोबर खेळतोस हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अधिक उद्बोधक असते.

'उरू' २००७ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या साहाय्याने पुन्हा उघडला आणि एप्रिल २००८ मध्ये पुन्हा मिटला. फेब्रुवारी २०१० पासून मात्र तो विनामूल्य खुला झाला. खर्च खेळाडूंच्या देणग्यांतून भागविला जाऊ लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये 'देअर' बंद पडले. ज्या जगाने निर्वासितांना थारा दिला होता, त्याच्या रहिवाशांवर नवी जागा शोधण्याची पाळी आली, तेव्हा जुन्या नगरीचे दार महिनाभरापूर्वीच उघडलेले होते.