सोरायसिस आणि आपली भीती



आज २९ ऑक्टोबर, जागतिक सोरायसिस दिन. रेडिओवर तुम्हाला माझा आवाज तेवढा ऐकू येतो. माझी कोपरं, गुडघे आणि केसांच्या कडेची लालसर कातडी दिसत नाही. त्यामुळे बोलायला मला जरा सोपं जातंय. कॉलेजात असताना हा आजार सुरू झाला आणि तो अजून सोबत आहे. कधी कधी काही महिने अंग अगदी स्वच्छ असतं. मग थंडी पडते, घरात एखादी मोठी काळजी शिरते, नाहीतर घसा सुजून ताप येतो, आणि पुन्हा चट्टे उठतात. निफाडचा पारा ४-५ अंशांवर उतरल्याची बातमी येते, तेव्हा आमच्यासारख्यांची कातडी भेगाळून तिच्यातून रक्त येत असतं.

शरीरात होतं काय, ते सांगते. कातडीच्या वरच्या थरात नव्या पेशी खालून तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण महिनाभराने गळून पडतात. ते गळणं आपल्याला कळतही नाही. सोरायसिसमध्ये जंतूंशी लढणारी आपली प्रतिकारशक्तीच भलतीकडे चेतते आणि महिन्याचं हे काम आठवड्याच्या आत उरकू लागतं. जुन्या पेशी गळायच्या आत नव्या येऊन बसतात. थर साचतो, त्याचे चंदेरी पापुद्रे सुटतात. सकाळी चादर झटकली की फरशीवर पांढरा भुगा पडतो आणि घरात पाहुणे असले की तो आधी झाडून घ्यावा लागतो.

हा आजार कुणाकडून कुणाला लागत नाही. हात धरल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, रामकुंडात शेजारी बुडी मारल्याने नाही. काही घराण्यांत तो आढळतो, हे खरं. पण आईला किंवा वडिलांना सोरायसिस असला, तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. लग्न जमवताना हे लक्षात ठेवा.

एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. आवाज खाली आणून विचारतात, "म्हणजे महारोग नाही ना?" विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. शेकडो वर्षं वैद्यकातही या दोन रोगांची सरमिसळ होती. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा या डॉक्टरांनी १८४१ साली ते स्पष्टपणे वेगळे केले. कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि त्याच्या चट्ट्यावर बहुधा बधिरपणा असतो. आमच्या चट्ट्यांना खाज सुटते, आग होते, सगळं जाणवतं. तरीही अंगावर चट्टा दिसला की घरीच अंदाज बांधत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

पण मला याहून वेगळं काही सांगायचं आहे. सोरायसिसच्या माहितीफलकांवर 'हा कुष्ठरोग नाही' असं ठळक लिहिलेलं असतं. ते खरं आहे, लिहायलाही हवं. तेवढ्यावर थांबलं, तर मात्र त्याचा अर्थ असा होतो की यांना जवळ करा, त्यांना दूर ठेवलंत तरी चालेल. कुष्ठरोगावर १९८० च्या दशकापासून बहुऔषधी उपचार आहेत, सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतात, आणि औषध सुरू झाल्यावर त्या रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका लवकरच संपतो. असं असूनही आपल्या विवाहविषयक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत टिकून होतं. बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं ते याच महाराष्ट्रात, आणि 'महारोगी' ही शिवीही याच महाराष्ट्रात ऐकू येते. कुष्ठरुग्णाला मागे ढकलून मिळणारी जागा मला नको आहे. भीती जायची तर ती दोघांच्याही वाटेतून जायला हवी.

ही भीती फार मोठ्याने बोलत नाही. मी एकदा बांगड्या भरायला गेले, तर दुकानातल्या बाईंनी माझा हात न धरता बांगड्या माझ्यापुढे सरकवल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हीच भरा." बोलल्या अगदी नम्रपणे, पण मी तिथून बांगड्या न घेताच उठले. माझ्या ओळखीचा एक मुलगा भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून कॉलेजला जातो. सलूनमध्ये 'आज गर्दी आहे' म्हणून परत पाठवलेली माणसं मला माहीत आहेत. केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या भावांना माझी विनंती आहे: या गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवा. वस्तरा मात्र जपून चालवा, कारण आमची कातडी खरचटली की त्या जागी नवा चट्टा उठू शकतो.

हाइनरिख कोबनर या जर्मन डॉक्टरांनी १८७० च्या दशकात हे नोंदवून ठेवलं. आपल्या नाशिक जिल्ह्यात त्याचं महत्त्व फार आहे. सध्या द्राक्षबागांत गोडी छाटणीचे दिवस आहेत. कात्रीने तळहाताला फोड येतात, काडी लागून ओरखडे उठतात. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ती निरोगी कातडीलाही भाजते, मग सोरायसिस असलेल्या मजुराचं काय होत असेल! बागाईतदारांनी हातमोजे द्यावेत, आणि ज्याच्या हाताला चट्टे आहेत त्याला पेस्टच्या कामाला लावू नये. मजुरी न कापता दुसरं काम देता येतं.

आता उपचारांविषयी. मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर ठराव केला. हा दीर्घकाळ चालणारा, असंसर्गजन्य, वेदना देणारा आजार आहे आणि तो कायमचा घालवणारा उपाय नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. म्हणून 'मुळासकट बरा करतो' म्हणणाऱ्याच्या पुड्या घेऊ नका. आजार आटोक्यात मात्र नक्की ठेवता येतो: मलमं, डांबरापासून केलेली औषधं, ठरावीक मात्रेत दिलेले अतिनील किरण, गोळ्या, आणि आजार फार पसरला असेल तर जैविक इंजेक्शनं. ही इंजेक्शनं महाग असतात आणि ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करावी लागते. रोज आंघोळीनंतर ओल्या अंगाला लावलेलं खोबरेल तेल स्वस्त आहे, आणि त्याचाही उपयोग होतो.

सगळ्यात जास्त नुकसान मी पाहिलंय ते मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या ट्यूबनी. इसब असो, नायटा असो, सोरायसिस असो, तीच ट्यूब. तिच्यात तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवसांत चट्टा मावळतो, लावणं थांबवलं की दुप्पट जोराने परत येतो आणि दरम्यान कातडी पातळ होऊन बसते. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं अचानक बंद केली, तर कधी कधी सगळं अंग लाल होऊन दवाखान्यात भरती व्हावं लागतं.

आणखी दोन गोष्टी. सोरायसिस असताना सकाळी उठल्यावर बोटं आखडत असतील, टाचा दुखत असतील, नखांवर बारीक खड्डे पडले असतील, तर ते त्वचेच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. हाच आजार सांध्यांतही उतरतो आणि उशीर झाला तर सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो. मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं असेल, तर सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने जीव गेलेले आहेत. घरातल्या कॅलेंडरवर त्या वाराला खूण करा आणि ती कशाची आहे, हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.