कुलूप लावलेलं घर कोण मोजणार?

एसटीत असाल, रानात असाल, होस्टेलच्या खोलीत असाल, जिथं असाल तिथून ऐका. आजचा विषय स्थलांतर. पण आज स्थलांतर करणाऱ्यांपेक्षा त्यांचा अभ्यास करणाऱ्यांबद्दल जास्त बोलू. का? तर सरकार योजना आखतं आकड्यांवरून. आणि तो आकडा कुणी, कोणत्या महिन्यात, कुणाच्या दारात उभं राहून काढला, यावर आपल्या गावची किती माणसं सरकारला दिसतात ते ठरतं.

वाटूर फाटा डोळ्यांसमोर आणा. जालन्याहून मंठ्याकडे जाणारा रस्ता, इथून परतूरकडे वाट फुटते. दिवाळीच्या आगेमागे जालना जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. गावात राहतात म्हातारी माणसं, काही लेकरं आणि कुलूप लावलेली घरं. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये मंडळी परत येतात.

आता समजा, जानेवारीत कुणी पाहणीवाला यादी घेऊन गावात आला. यादीतल्या घराला कुलूप. घरात माणूसच नाही, तर उत्तर कोण देणार? अशा वेळी मोठ्या नमुना पाहण्यांमध्ये त्या घराच्या जागी दुसरं घर घेतात. म्हणजे कुणाचं? जो गावात आहे त्याचं! जे गेलेत त्यांच्याबद्दलचा प्रश्न, उत्तर मात्र जे गेले नाहीत त्यांचं. यात पाहणीवाल्याची लबाडी नाही, पद्धतच तशी आहे. पण पूर्ण कुटुंब घेऊन जाणारा ऊसतोड कामगार या पद्धतीतून अलगद निसटतो.

दुसरी गोष्ट व्याख्येची. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 1999-2000 च्या फेरीत 'थोड्या काळासाठी गेलेला' म्हणजे कोण? तर कामासाठी 60 दिवस किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला. 2007-08 च्या फेरीत 60 दिवसांची अट 30 दिवसांवर आली. अट बदलली की मोजली जाणारी माणसंही बदलतात. चाळीस दिवस कामाला गेलेला माणूस आधी हिशेबात नव्हता, आता आला. माणूस तोच, काम तेच. आणि ऊसतोडीचा हंगाम किती? पाच महिने, कधी सहा. ऊस जास्त असला, कारखाना लांबला, की माणूस एका खान्यातून दुसऱ्या खान्यात जातो. त्यानं काही केलेलं नसतं, कारखाना उशिरा बंद झालेला असतो, एवढंच.

तिसरं उदाहरण मला फार आवडतं. 2016-17 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात एक भन्नाट कल्पना वापरली होती. माणसं किती फिरतात हे त्यांनी रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून काढलं. हिशेब निघाला, 2011 ते 2016 या काळात राज्याबाहेर जाणारे दरवर्षी साधारण 90 लाख. आधीच्या अंदाजांपेक्षा हा आकडा खूप मोठा होता आणि तो हुशारीनंच काढलेला होता. पण बघा, वाटूरहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सांगलीला गेलेल्या जोडप्यानं ना रेल्वेचं तिकीट काढलं, ना राज्याची हद्द ओलांडली. ते या आकड्यात नाहीत.

कायद्याचंही तसंच. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला 1979 साली. एकाच गल्लीतले दोन भाऊ, एक बेळगाव जिल्ह्यात ऊस तोडतो, दुसरा कोल्हापूर जिल्ह्यात. काम एकच, उचलही तशीच. पण 2025 पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्यापुरता पहिला स्थलांतरित होता, दुसरा नव्हता.

मग अभ्यासक काय करतात? चांगले अभ्यासक माणसांच्या मागे जातात. यान ब्रेमन हे नेदरलँड्सचे समाजशास्त्रज्ञ 1960च्या दशकापासून दक्षिण गुजरातमध्ये फिरत राहिले. बारडोली भागातल्या साखर कारखान्यांवर त्यांनी 1970च्या दशकात काम केलं. तिथं ऊस तोडायला येणारे कुठले? आपल्या खानदेशातले! ब्रेमन फडात गेले, खोप्यांमध्ये गेले, मुकादमांशी बोलले. त्यांनी प्रश्न विचारला, तिथल्या भूमिहीनांना काम नाही आणि बाहेरून हजारो माणसं आणतात, हे कसं? उत्तर असं की बाहेरचा माणूस उचलीनं बांधलेला असतो, गावापासून तुटलेला असतो, त्याला रात्री-बेरात्री राबवता येतं. म्हणजे 'गावात दुष्काळ म्हणून माणसं जातात' ही गोष्ट अर्धीच आहे. दुसरी अर्धी गोष्ट कारखान्याच्या बाजूला उभं राहिल्यावर दिसते.

आणि बायकांचं काय? स्थलांतराचे नियम मांडणारा रेव्हनस्टाइन 1885 मध्येच इंग्लंडच्या जनगणना बघून म्हणाला होता की देशातल्या देशात बायका पुरुषांपेक्षा जास्त हलतात. आपल्याकडे जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण नोंदलं जातं ते 'लग्न'. नोंद खोटी नाही. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची, पुन्हा स्वयंपाक आणि लेकरं. कागदावर मात्र ती 'लग्न होऊन आलेली' किंवा 'कुटुंबासोबत गेलेली'. कामगार म्हणून तिला कुणी विचारतच नाही.

आणि विचारलं की काय होतं, ते बीडनं दाखवलं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ऊसतोड करणाऱ्या बायकांची माहिती घेतली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कुजबुज आधीपासून होती, पण आकडा आला आणि विषय विधिमंडळापर्यंत गेला. मोजणं म्हणजे न्याय नाही, हे मान्य. पण मोजलंच नाही तर न्याय मागायचा कशाच्या आधारावर?

आता जालन्याची दुसरी बाजू. आपला जिल्हा माणसं नुसती पाठवत नाही, बोलावतोही. जालन्याच्या लोखंड कारखान्यांत बाहेरच्या राज्यांतले कामगार राबतात. 8 मे 2020 ची पहाट आठवा. लॉकडाऊनमध्ये जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशातले 16 कामगार करमाडजवळ मालगाडीखाली गेले. थकून रुळांवरच झोपले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोकसभेत प्रश्न आला, घरी परतताना किती स्थलांतरित कामगार गेले? सरकारचं लेखी उत्तर होतं की अशी माहिती उपलब्ध नाही. भरपाईचा प्रश्न मग तिथंच थांबला. आकडा नसण्याची किंमत ही अशी असते.

हे आज सांगायचं कारण म्हणजे पुढची जनगणना. तिची संदर्भ तारीख आहे 1 मार्च 2027, आणि माणसांची मोजणी बहुतेक देशभर फेब्रुवारीत. फेब्रुवारी म्हणजे हंगाम ऐन भरात! 2011 ची मोजणीसुद्धा 9 ते 28 फेब्रुवारीतच झाली होती. तेव्हाचा नियम असा की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नव्हता, त्याची नोंद तो जिथं असेल तिथं. म्हणजे उसाच्या फडाशेजारच्या खोपीत. मोजणीवाला तिथं पोचला तर ठीक, नाहीतर माणूस ना गावात ना फडात.

मग आपण काय करायचं? घरचं कुणी ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्यात बांधकामावर असेल, तर फोन करून सांगा, मोजणीवाला आला का ते विचारा, नाही आला तर तिथल्या ग्रामपंचायतीत जा. आई, बहीण, वहिनी काम करते, तर रकाना भरताना 'काम करते' असंच सांगा. कॉलेजात असाल आणि प्रकल्पाला विषय शोधत असाल, तर आपली एक गल्ली घ्या. कोण गेलं, कधी गेलं, कुणाच्या टोळीत, पोरं सोबत नेली की ठेवली, परत कधी आलं, हे वर्षभर वहीत लिहा. विचारून लिहा आणि नावं मोबाइलवर फिरवू नका. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिथं स्थलांतर हाच अनेकांचा अभ्यास आहे. पण तिथल्या अभ्यासकाला वाटूरच्या कुलपामागं कोण राहतं हे माहीत नसतं. तुम्हाला ते माहीत आहे.

आजच्यापुरतं एवढंच. हा भाग फडावर असलेल्या एखाद्या मित्राला नक्की पाठवा. रात्री गाडी भरायची वाट बघत बसलेला असेल, तेव्हा ऐकेल. भेटू पुढच्या भागात.