मॅग्नेशियाचे दूध

‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’च्या बाटलीत दुधाचा थेंबही नसतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड या संयुगाची पांढरी पूड पाण्यात फारशी विरघळत नाही. तिचे सूक्ष्म कण तरंगत राहतात आणि पाणी दुधासारखे दिसते. बाटली हलवून औषध घ्यावयाचे, ते एवढ्याचसाठी. छातीत जळजळ झाली किंवा पोट साफ होईना, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांना या बाटलीची आठवण होते. पण रसायनशास्त्रातील एका मोठ्या शोधाचे मूळ या औषधाच्या पूर्वजात आहे, याची आठवण फारशी कोणाला नसते.

हा पूर्वज म्हणजे ‘मॅग्नेशिया आल्बा’, अर्थात पांढरा मॅग्नेशिया. आजच्या परिभाषेत तो मॅग्नेशियमचा कार्बोनेट होय. अठराव्या शतकातील युरोपीय वैद्य तो आम्लपित्तावर व सौम्य रेचक म्हणून देत. एडिंबरो येथे वैद्यक शिकणाऱ्या जोसेफ ब्लॅकने १७५४ च्या आपल्या प्रबंधासाठी हाच विषय निवडला. मुतखड्यावर चुन्याच्या निवळीचा उपचार तेव्हा गाजत होता, आणि त्याच विद्यापीठातील दोन प्राध्यापकांचे त्यावरून बिनसले होते. मॅग्नेशिया भाजून एखादा नवाच चुना हाती येईल, अशी ब्लॅकची आशा होती.

चुना काही मिळाला नाही. मिळाले ते दुसरेच. एक औंस मॅग्नेशिया त्याने मुशीत घालून, तांबे वितळेल इतक्या आचेवर तासभर तापवला. तोलून पाहतो, तो बारा भागांपैकी सात भाग वजन नाहीसे झालेले! पाणी उडाले म्हणावे, तर बंद पात्रात तापवून पाहता पाणी अगदीच थोडे निघाले. शिवाय साधा मॅग्नेशिया आम्लात फसफसे. भाजलेला मात्र मुकाट्याने विरघळे. मग ब्लॅकने भाजलेला मॅग्नेशिया आम्लात विरघळवला आणि त्यात क्षार घातला. पांढरा साका खाली बसला. गेलेले वजन जवळजवळ सगळे परत आले होते, आणि फसफसणेही! उडून गेला होता तो वायू. क्षाराने आपल्याजवळचा वायू देऊन ती तूट भरून काढली होती. घन पदार्थात कोंडलेल्या या वायूला ब्लॅकने ‘बद्ध वायू’ म्हटले. आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. हवा हे एकच मूलतत्त्व, ही जुनी समजूत येथून ढासळू लागली. आणि हे सारे एका तराजूच्या बळावर!

रुग्णाला यात एक व्यावहारिक अर्थ आहे. कार्बोनेट पोटातील आम्लातही फसफसतो आणि ढेकरा येतात. हायड्रॉक्साइडपासून मात्र केवळ पाणी आणि मॅग्नेशियम क्लोराइड तयार होते. अमेरिकेतील चार्ल्स फिलिप्स याने १८७३ मध्ये पेटंट घेतले, ते या हायड्रॉक्साइडच्या दुधाचे.

आता रेचकाविषयी. मॅग्नेशियम आतड्यात फारसे शोषले जात नाही. ते तेथे पाणी खेचून धरते आणि मळ सैल होतो. अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड याच्या उलट मलावरोध करतो, म्हणून अनेक आम्लनाशक औषधांत दोघांची जोडी असते. जे थोडे मॅग्नेशियम रक्तात शिरते, ते मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ती दुर्बळ असली, तर ते साठत जाते. स्नायू ढिले पडतात, रक्तदाब उतरतो, हृदयाची गतीही बिघडते. अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्यावाचून ही बाटली उघडू नये. पंचाईत ही, की ज्या वडीलधाऱ्यांचा तिच्यावर सर्वांत अधिक विश्वास, त्यांचीच मूत्रपिंडे वयोमानाने मंदावलेली असतात.