एका वस्तूला एक नाव



व्यवसायातील कागदपत्रे हा विषय नीरस वाटण्याचा संभव आहे. परंतु येलहंक्यात त्याची उपेक्षा करून चालणार नाही. ज्या चाकांवर रेल्वेच्या प्रवाशांचा जीव विसंबून असतो, ती चाके येथे ओतली जातात. चाकावर त्याची ओळख सांगणारे अंक उमटवलेले असतात. एखादे चाक सदोष आढळले, तर त्याच्याबरोबर ओतलेली अन्य चाके या अंकांवरून शोधावयाची असतात. चाकावरील अंक आणि नोंदवहीतील अंक यांत मेळ नसेल, तर हा शोध खुंटतो.

अंकांप्रमाणेच नावांचेही आहे. १९८४ साली सुरू झालेला हा कारखाना प्रथम ‘व्हील अँड ॲक्सल प्लँट’ म्हणून ओळखला जाई. २००३ साली तो ‘रेल व्हील फॅक्टरी’ झाला. २०१४ साली शहराचे ‘बंगलोर’ हे इंग्रजी नावही अधिकृतपणे ‘बेंगळूरु’ असे झाले. स्थानिक माणसाचा यात गोंधळ होत नाही. परंतु दूरच्या कोठारात जुनी आणि नवी कागदपत्रे एकत्र पाहणाऱ्यास हे दोन निरनिराळे कारखाने वाटणे स्वाभाविक आहे.

ललित लेखनात शब्दाची पुनरुक्ती दोष मानली जाते. व्यवहारात मात्र तीच गुण ठरते. करारात एका कलमात ‘माल’, दुसऱ्यात ‘सामग्री’ आणि तिसऱ्यात ‘सुटे भाग’ असे लिहिले, तर त्या तीन वस्तू की एकच, असा वाद उद्भवतो. ३/४ ही तारीख आपल्याकडे ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च असते.

केवळ नियम केल्यानेही भागत नाही. मंगळाकडे पाठविलेले एक अमेरिकी यान १९९९ साली नष्ट झाले. मोजमापे मेट्रिक पद्धतीत द्यावीत असे लेखी ठरले होते. तथापि एका गटाची आकडेवारी पौंडांच्या हिशेबाने आली आणि ती तशीच वापरली गेली.

शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करविला, त्यामागे राज्यकारभाराचे शब्द निश्चित करण्याचीही दृष्टी होती. प्रत्येक कचेरीने असाच आपला लहानसा कोश करावा: नावे, एकके, तारखा आणि संक्षेप यांचा. नाव बदलल्यास जुने नाव आणि बदलाचे वर्ष त्यात नोंदवावे. मुख्य म्हणजे, कागद बाहेर जाण्यापूर्वी तो या कोशाशी ताडून पाहण्याचे काम कोणा एका व्यक्तीकडे सोपवावे.