मॉरिशस : एका लहान बेटाचा राज्यकारभार



आजच्या व्याख्यानासाठी जो देश मी निवडला आहे, तो शाळेच्या नकाशात शोधू गेल्यास भिंग हाती घ्यावे लागेल. हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटरांवर एक ठिपका दिसतो. तेच मॉरिशस. रॉड्रिग्जसारखी आसपासची लहान बेटे धरूनही या राष्ट्राचे क्षेत्रफळ अवघे २,०४० चौरस किलोमीटर भरते. आपल्या जळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,७६५ चौरस किलोमीटर आहे; म्हणजे आपल्या एका जिल्ह्यातून अशी पाच राष्ट्रे सहज निघतील. पाचोरा-जामनेर ही आपली छोटी रेल्वे ५६ किलोमीटर धावत असे. त्या बेटाची दक्षिणोत्तर लांबी त्याहून थोडीशीच अधिक आहे. वस्ती सुमारे साडेबारा लाख. १९६८ साली स्वतंत्र झालेला हा देश निवडणुकांनी सरकारे बदलीत आज इथवर आला आहे.

असल्या चिमुकल्या देशाची जामनेरच्या माणसाने उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. त्याला माझी उत्तरे दोन. एक तर त्या बेटावर दीडशे वर्षांहून अधिक काळ मराठी माणसे नांदत आहेत. आणि दुसरे असे की, अनेक धर्म, अनेक भाषा आणि अनेक वंश एका लहानशा जागेत कोंबले गेले असता त्यांनी एकमेकांची डोकी न फोडता राज्य कसे करावे, या प्रश्नाशी त्या बेटाने जी झुंज घेतली, ती आपल्या कोणत्याही गावाने समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. हे बेट ज्वालामुखीतून निपजले. मध्यभागी उंच पठार आणि भोवती तुटक्या डोंगरांचे कडे, असे त्याचे रूप आहे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचे, म्हणजे आपल्या सातमाळ्यातल्या माणसाला नवल वाटू नये इतकेच. किनाऱ्याभोवती बहुतेक ठिकाणी पोवळ्यांचा तट आहे. बाहेरचा समुद्र खवळला तरी तटाच्या आत पाणी निवांत असते. हा तट म्हणजे बेटाचा गावकूसच म्हणा ना! २०२० साली एक परदेशी मालवाहू जहाज या तटावर चढून फुटले आणि त्यातले सुमारे हजार टन तेल सांडले, तेव्हा साऱ्या बेटाच्या काळजात धस्स झाले ते याचसाठी. कोळ्याची मासळी आणि प्रवाशांवर चालणारा धंदा, दोन्ही त्या तटाच्या आश्रयाने जगतात. दुसरे भय चक्रीवादळाचे. १९६० च्या फेब्रुवारीत आलेल्या कॅरोल नावाच्या वादळाने हजारो घरे भुईसपाट केली. छपराऐवजी सिमेंटच्या गच्चीची घरे तेथे सर्रास दिसू लागली, ती त्यानंतर.

आता माणसांकडे वळू. या बेटावर मूळचा असा कोणी रहिवासी नव्हताच. डोडो नावाचा उडता न येणारा एक पक्षी तेवढा तेथला खरा भूमिपुत्र. तोही सतराव्या शतकातच नामशेष झाला. १५९८ साली डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले आणि १७१० साली कंटाळून निघून गेले. १७१५ साली फ्रेंचांनी ताबा घेतला. आफ्रिका आणि मादागास्कर येथून गुलाम आणून त्यांनी ऊस लावला, बंदर बांधले. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. परंतु फ्रेंच मळेवाल्यांची भाषा, धर्म आणि कायदा यांना हात न लावण्याचे त्यांनी मान्य केले. म्हणून आजही तेथे कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच आणि घरात क्रिओल असा मामला आहे.

१८३५ साली तेथे गुलामगिरी रद्द झाली. पण उसाला माणूस हवाच! मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये पगार. या ‘ॲग्रीमेंट’चाच अपभ्रंश होऊन पुढे कित्येक वसाहतींत ‘गिरमिट’ हा शब्द रूढ झाला. त्यानंतरच्या ऐंशी-नव्वद वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्याच बंदरात उतरली. उतरल्यावर चढायच्या सोळा पायऱ्या अद्याप उभ्या आहेत. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत तिची गणना झाली.

यातले बहुसंख्य बिहारकडचे भोजपुरी बोलणारे होते. दक्षिणेकडून तमिळ आणि तेलुगु आले. आणि मुंबई बंदरातून आले ते आपले मराठी लोक, विशेषेकरून कोकणातले. कामाचा एक दिवस चुकला तर दोन दिवसांचा पगार कापण्याची तेथे रीत होती. छायाचित्र लावलेला परवाना जवळ नसला की पोलीस पकडून नेत. कारकुनाने वहीत जे नाव टिपले, तेच पुढे वंशाचे आडनाव झाले. आजा सखाराम म्हणून उतरला असेल, तर पणतूचे आडनाव सखाराम होऊन बसले. मूळ आडनाव आणि गाव दोन्ही समुद्रात बुडाले. आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या जुन्या नोंदवह्या जपून ठेविल्या आहेत, आणि नातवंडे-पतवंडे तेथे जाऊन आपल्या गावाचा पत्ता धुंडाळतात.

या माणसांना राज्यकारभारात पाय कसा ठेवता आला, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून परतताना गांधीजींचे जहाज या बेटाला लागले, तेव्हा मुले शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी तेथल्या हिंदी लोकांना सांगितले. १९०७ साली मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तेथे गेले आणि मजुरांचे खटले लढू लागले. तथापि मताचा हक्क मालमत्तेवर होता, आणि मजुराजवळ मालमत्ता कुठली? १९४७ साली नवी घटना आली. बेटावरच्या एखाद्या भाषेत ज्याला साधी वाक्ये लिहिता-वाचता येतील, त्या प्रौढ स्त्रीपुरुषास मत मिळेल, असे तिने ठरविले. मग काय विचारता! गावोगाव ‘बैठका’ नावाच्या झोपड्या होत्या. तेथे संध्याकाळी दिवा लावून पोथी वाचीत आणि मुलांना अक्षरे गिरवायला लावीत. त्या बैठकांत आता उसाच्या मळ्यातून घामाघूम होऊन आलेली थोरली माणसेही बसू लागली. बासदेव विष्णुदयाळ यांच्या स्वयंसेवकांनी गावे पिंजून काढली. आधीच्या यादीत सुमारे बारा हजार मतदार होते. १९४८ सालच्या यादीत ते सुमारे बहात्तर हजार झाले. गृहस्थहो, मातृभाषेचे चार शब्द लिहिता आले म्हणून माणूस राज्याचा धनी झाला, अशी उदाहरणे इतिहासात फार थोडी सापडतील. पुढे १९५९ साली सर्वच प्रौढांना मत मिळाले.

परंतु मत मिळाले की प्रश्न सुटला असे नव्हे. हिंदूंची संख्या निम्म्याच्या आसपास. तेव्हा मुसलमान, क्रिओल, चिनी आणि मूठभर गोरे यांना भय वाटू लागले, की इंग्रज गेला तर आपले काय? १९६५ साली दंगल झाली. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्ष जिंकला खरा, पण शंभरातल्या चव्वेचाळीस मतदारांनी विरुद्ध बाजूला कौल दिला. १९६८ च्या जानेवारीत राजधानीत पुन्हा रक्त सांडले. त्या सावटाखालीच १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. ही दांडीयात्रेचीच तारीख, हे आपल्या ध्यानी आलेच असेल. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी दोन वर्षांच्या आतच विरोधी पक्षाला मंत्रिमंडळात बोलाविले. भिणाऱ्याला घराबाहेर ठेवण्यापेक्षा ओसरीवर बसवावे, हा त्यांचा हिशेब होता.

तेथल्या निवडणुकीची रीतही अशीच आहे. मुख्य बेटाचे वीस मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन सभासद निवडतात. मतदाराने तीन मते दिलीच पाहिजेत. रॉड्रिग्ज बेटाचे दोन सभासद मिळून एकूण बासष्ट. त्याशिवाय हरलेल्या उमेदवारांपैकी ज्यांना चांगली मते पडली, पण ज्यांच्या समाजाला पुरेशा जागा मिळाल्या नाहीत, अशा आठांपर्यंत माणसांना सभागृहात घेतात. याला ते ‘उत्तम पराभूतां’ची योजना म्हणतात. ऐकून हसू येते. पण पाहा, १९८२, १९९५ आणि २०२४ या तीन वर्षी एकाच आघाडीने मुख्य बेटावरच्या साठही जागा जिंकल्या. ही योजना नसती, तर मुख्य बेटावरच्या विरोधकांची बाके तिन्ही वेळा रिकामी पडली असती. १९९२ साली देश प्रजासत्ताक झाला. २००३ साली फ्रेंच वंशाचे पॉल बेरांजे पंतप्रधान झाले, तेही शांततेने. २००२ पासून रॉड्रिग्जला आपली स्वतःची प्रादेशिक सभा आहे. चागोस द्वीपसमूह मात्र १९६५ साली इंग्रजांनी तोडून घेतला आणि तेथल्या रहिवाशांना पुढे घरादारातून उठविले. तो परत देण्याचा करार ब्रिटनने २०२५ च्या मे महिन्यात केला. इतका लांब चाललेला तो झगडा आहे.

तुलनेसाठी पॅसिफिक महासागरातले फिजी घ्या. तेथेही १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर हिंदी माणसे उसासाठीच गेली. पण तेथे मूळचे फिजीवासी होते, जमीन त्यांची होती, आणि बहुसंख्य जागांसाठी मतदारांच्या याद्या वंशावरून निरनिराळ्या होत्या. अशा जागांसाठी ज्याने त्याने आपल्याच माणसाची मते मागायची. दुसऱ्याच्या दारात जाण्याचे कारणच नाही. परिणाम काय झाला? १९८७, २००० आणि २००६ या वर्षी तेथे सत्ता बळाने उलथली गेली. वंशावर आधारलेल्या जागा २०१३ च्या घटनेने रद्द केल्या. मॉरिशसमध्ये मतदारांची यादी एकच राहिली. तीन मते असल्यामुळे उमेदवाराला शेजारच्या आळीतही हात जोडावे लागले. दोन्ही ठिकाणी ऊस तोच, मजूर तेच. परिस्थिती वेगळी होती हे खरे, पण याद्यांनी केलेला फरकही लहान नाही.

याचा अर्थ मॉरिशसची घडी निर्दोष आहे असा नाही. राखीव जागा वाटण्यासाठी माणसाने आपला समाज कोणता ते सांगावे लागे. आणि हिशेब धरला जातो तो १९७२ च्या जनगणनेचा, कारण त्यानंतर तो प्रश्न विचारणेच बंद झाले. ज्याला स्वतःवर कुठलाच शिक्का नको, त्याने काय करावे? असे काही तरुण थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले, आणि २०१२ साली समितीने त्यांचे म्हणणे मान्य केले. २०१४ साली तेवढ्या निवडणुकीपुरती सवलतही मिळाली. धाकट्या भावाला भीती वाटू नये म्हणून त्याच्या नावाची वाटी वेगळी ठेवावी, की सर्वांनी एकाच ताटात जेवावे? हा वाद तेथे अजून मिटलेला नाही.

आणि आपली मराठी माणसे? ती शंभरात दोनच्या आसपास. घरात बहुतेकांची बोली आता क्रिओल आहे. तरी गणेशचतुर्थीची तेथे सार्वजनिक सुटी असते. कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने नाचतात. लग्नाआधी गोंधळ घालतात. मुले शाळेत मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकतात. मराठी भाषकांची कायद्याने स्थापिलेली संस्था आहे. भाषा चुलीपासून उठून शाळेच्या बाकावर आणि देवळात जाऊन बसली आहे. ती पुन्हा चुलीपाशी येईल किंवा कसे, हे तेथल्या आयांच्या हाती आहे.

मित्रहो, एवढ्या खटाटोपातून मला इतकेच सांगावयाचे आहे. लहान जागेत पळून जायला वाट नसते. मॉरिशसच्या लोकांना शेजारी बदलता येत नव्हता. म्हणून त्यांनी नियम केले, ते मोडके असतील, पण हरलेल्याला बसायला जागा ठेवली. आपले गाव, आपली नगरपालिका, आपली सोसायटी ही सुद्धा एका अर्थी बेटेच आहेत. निवडणूक संपल्यावर गुलाल कोणी उधळला हे चार दिवसांत विसरले जाते. पडलेल्याला आपण बैठकीत बोलाविले की नाही, हे मात्र गाव पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाही. त्याला बोलवा, एवढेच माझे मागणे आहे.