मागची कमान आणि तेलाचे शॉकअप

श्रोतेहो, ताडकळसहून परभणीकडे जा किंवा पूर्णेकडे जा, आपली काळी जमीन मोटारीची परीक्षाच घेते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर डांबर घातले तरी रस्ता हळूहळू लाटांसारखा वर-खाली होतो. अशा रस्त्यावर जुन्या मोटारीची मागची बाजू उड्या मारू लागली की आपण म्हणतो, "कमान गेली, आणखी एक पाटा टाका." मिस्त्री पाटा टाकतो, पैसे जातात, गाडी टणक होते, आणि उड्या काही थांबत नाहीत.

उदाहरणाला पद्मिनी घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट या नावाने निघालेली ही मोटार. पद्मिनी हे नाव तिला मागाहून मिळाले. तिच्या मागच्या प्रत्येक चाकाजवळ एक पाट्यांची कमान असते आणि एक लोखंडी नळा असतो. तो नळा म्हणजे शॉकअप. कमान ओझे पेलते. शॉकअप ओझे मुळीच पेलत नाही, तो कमानीची उडी मारतो. एवढे ध्यानात धरले, तर निम्मी फसगत टळेल.

नळ्याच्या आत तेल असते, त्यातून दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा असतात. तेल त्यांतून अडखळत जाते, उडीचा जोर खाते आणि स्वतः तापते. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात बिनसुईची, पाणी भरलेली पिचकारी मुलांच्या हाती द्यावी. हळू दाबली तर दट्ट्या सहज सरतो. झटक्याने दाबू म्हटले तर हात अडतो. शॉकअप समजला!

फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने १९५५ साली डी. एस. नावाच्या मोटारीत कमानीच काढून टाकल्या आणि सारे ओझे तेल व नायट्रोजन वायू यांच्यावर तोलले. युक्ती मोठी नामी. पण ती मोटार वेगळी, आपली वेगळी.

आता पारख. मोटार सपाट जागी उभी करून मागचा एक कोपरा जोराने खाली दाबा आणि सोडून द्या. तो वर येऊन थोडक्यात स्थिरावला तर शॉकअप ठीक. पाळण्यासारखा हलत राहिला तर तो गेला. खाली वाकून पाहा: नळा ओला, त्यावर धुळीचा चिखल, म्हणजे सील गळते आहे. उलट, रिकामी मोटार सपाट जागेवरही एका बाजूला बसलेली दिसली तर दोष बहुधा कमानीत; पाटा मोडला असेल नाहीतर कमान उतरली असेल. तिथे नवा शॉकअप घालून काडीचाही उपयोग नाही. खडखड आवाज येत असेल तर आधी रबरी बुश पाहा, ते स्वस्त असतात.

गेलेला शॉकअप केवळ हाडे खिळखिळी करतो असे नाही. उडालेल्या चाकाची रस्त्यावरची पकड सुटते आणि नेमक्या त्याच वेळी ब्रेक दाबला तर गाडी हवी तिथे थांबत नाही. घरची मुलेबाळे मागेच बसलेली असतात.

काम करताना पुढच्या चाकांना दगडाची उटी लावा आणि एक्सलखाली पक्की घोडी द्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या चळतीवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही शिरू नये. वीट दडपणाखाली एकदम फुटते. शॉकअप जोडीनेच बदलावा. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी वळणावर विचित्र चालते. नवा बसवण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढा-दाबा, म्हणजे आतली हवा निघते. काही जुने शॉकअप उघडून सील आणि तेल बदलता येते, पण त्यात ब्रेकचे तेल किंवा हाताशी असलेले इंजिनचे तेल ओतू नये. वायू भरलेला शॉकअप तर कापू नये, भोकही पाडू नये, आणि कोणत्याही शॉकअपला वेल्डिंगची आच दाखवू नये.

बुशचे बोल्ट शेवटी आवळायचे, आणि तेही मोटार चाकांवर उतरवून, तिचे वजन कमानीवर आल्यावर. अधांतरी आवळले तर रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. कमान उतरवून बसवली असेल तर शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्टचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.