मुलगा रेखाटताना



नवशिक्या चित्रकारास मुलगा काढावयास सांगितला, की कागदावर बहुधा एक बुटका पुरुष अवतरतो. अंगात सदरा, अर्धी विजार. पण चेहरा पोक्त! हा दोष हाताचा नसतो. डोळ्यांना दिसते ते बाजूस राहते आणि मनाने गृहीत धरलेले कागदावर उतरते. प्रौढाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट भरते. चार वर्षांच्या बालकाची पाच पट, आठ वर्षांच्या मुलाची साधारण सहा पट. प्रौढाचे डोळे मस्तकाच्या निम्म्या उंचीवर असतात, बालकाचे त्याहून खाली. कपाळास एवढी जागा द्यावयास नवशिक्याचा हात धजत नाही. एक डोळा मिटून, हात ताठ धरून, पेन्सिलीवर अंगठ्याने डोके मोजावे. उपाय एवढाच, थोडा कंटाळवाणा.

इंदुरात देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली चित्रशाळा काढली. पुढे नावारूपास आलेले बेंद्रे आणि हुसेन तेथे शिकले. आरंभीचा हा सराव मोठ्या चित्रकारांसही चुकत नाही.

परंतु मुलगा स्थिर बसत नाही, आणि तेथे मोजमाप अपुरे पडते. मग दोन-दोन मिनिटांची रेखाटने करावीत: गोटी नेमताना वाकलेली पाठ, मुडपलेला गुडघा. चेहरा सर्वांत शेवटी. छायाचित्र गिरवणे सोपे खरे. पण पाठ वाकण्यापूर्वी कशी होती, हे ते सांगत नाही. खोडरबर मात्र पहिले काही दिवस दूर ठेवावे. चुकलेली रेघ शेजारी राहिली, तरच दुसरी कोठून न्यावयाची ते दिसते.